वीज, चुंबकत्व आणि आधुनिक भौतिकी: ग्रामीण विदर्भातल्या अकरावी-बारावीच्या मुलांचे नेहमीचे प्रश्न

सूत्र पाठ असतं, पण ते कुठे लावायचं इथे गाडी अडते. म्हणून या पानावरच्या बहुतेक उत्तरांत आधी एकच गोष्ट पाहिली आहे: या ठिकाणी स्थिर काय आहे? व्होल्टेज, करंट, रोध की शक्ती? आकडे कागदावर करून पाहण्यासाठी आहेत. चालू लाईनवर हात घालून यातलं काहीही पडताळायचं नाही.

लाईन डिम झाली की घरातला बल्ब नुसता मंद होतो. मग वावरातली मोटार का जळते?

कारण बल्ब आणि मोटार व्होल्टेज कमी झाल्यावर उलट वागतात.

जुना तारेचा बल्ब म्हणजे जवळपास स्थिर रोध. ६० वॅटचा बल्ब २३० ऐवजी १९० व्होल्टवर लावला, तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते: (१९०/२३०)² म्हणजे ०.६८. बल्ब सुमारे ४१ वॅटवर जळतो. (तार कमी तापल्याने तिचा रोध थोडा घटतो, म्हणून खरा आकडा ४१ च्या जरासा वर असतो.) करंटही कमी होतो. नुकसान काही नाही.

मोटारीला मात्र विहिरीतून पाणी उचलायचंच आहे. तिच्यावरचा भार जवळपास तोच राहतो, म्हणून ती तेवढीच शक्ती मागते. पाच एचपीची थ्री-फेज मोटार घ्या. बाहेर मिळणारी शक्ती ३७३० वॅट. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर लाईनीतून घेतलेली शक्ती सुमारे ४६६० वॅट. पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खऱ्या शक्तीचा वाटा) ०.८ धरा. थ्री-फेजच्या सूत्रात ३ चं वर्गमूळ, म्हणजे १.७३२, येतं.

४१५ व्होल्टवर करंट: ४६६० ÷ (१.७३२ × ४१५ × ०.८) = ८.१ अँपिअर.
३४० व्होल्टवर करंट: ४६६० ÷ (१.७३२ × ३४० × ०.८) = ९.९ अँपिअर.

वाईंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. (९.९/८.१)² म्हणजे जवळपास १.५. दीडपट उष्णता, तासन्‌तास. तांब्याच्या तारेवरचं इनॅमल आधी काळं पडतं, मग तडकतं, मग दोन वेढे एकमेकांना टेकतात आणि मोटार रिवायंडिंगला जाते.

दुसरा मार सुरू होताना बसतो. इंडक्शन मोटारीचा सुरुवातीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गावर चालतो, म्हणजे ३४० व्होल्टवर तो ६७ टक्केच उरतो. मोटार घुमते पण उचलत नाही, आणि त्या वेळी नेहमीच्या पाच-सहापट करंट खात असते. जादा करंट वाहिला की लाईन तोडणारा ओव्हरलोड रिले खटकन पडला तर तुमचं नशीब. तो वारंवार पडतो म्हणून त्याचं सेटिंग वाढवून ठेवणं किंवा त्याला सरळ बायपास करणं हे मोटार जाळण्याचं सगळ्यात खात्रीचं कारण आहे. एक फेज गेल्यावर तीच मोटार उरलेल्या दोन फेजांवर चालत राहिली, तर त्या दोन तारांतला करंट सुमारे १.७ पट होतो. सिंगल फेज प्रिव्हेंटर त्यासाठीच असतो.

म्हणजे ओहमचा नियम मोटारीला लागू नाही?

वाईंडिंगच्या तारेला लागू आहे, मोटारीच्या दोन टोकांना सरळ लावता येत नाही. फिरत्या मोटारीत उलट दिशेचं विद्युतगामक बल तयार होतं. रोधाच्या वाट्याला येतो तो फक्त लावलेलं व्होल्टेज आणि उलटं बल यांच्यातला फरक. मोटार अडकली की उलटं बल शून्य होतं आणि करंट एकदम चढतो. परीक्षेत ‘मोटार सुरू होताना जास्त करंट का घेते’ विचारलं, तर उत्तराचा गाभा हाच.

लाईन आली की सगळ्यांच्या मोटारी ऑटोवर एकदम सुरू होतात आणि डीपीचा फ्यूज उडतो. हिशोब कसा?

६३ केव्हीएची डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, ४३३ व्होल्टवर जास्तीत जास्त ६३००० ÷ (१.७३२ × ४३३) = ८४ अँपिअर देऊ शकते. आठ अँपिअरच्या दहा मोटारी चालू असल्या तर ८० अँपिअर, म्हणजे डीपी जेमतेम झेपवते. पण दहाही एकाच क्षणी सुरू झाल्या आणि प्रत्येकीने सहापट करंट घेतला, तर मागणी ४८० अँपिअर. त्या ओढीने व्होल्टेज आणखी पडतं, मोटारी लवकर वेग घेत नाहीत, सुरुवातीचा करंट लांबतो. ऑटो स्टार्टरला वेळ-विलंब असेल तर प्रत्येकाने तो वेगवेगळा लावावा. बहुतेक जण लावत नाहीत.

विहिरीपर्यंत वायर किती जाड घ्यावी? रोधकतेचं सूत्र इथे चालतं का?

उत्तम चालतं. घरापासून विहीर २०० मीटर, एक एचपीची सिंगल फेज मोटार, करंट ६.५ अँपिअर. पहिली चूक इथेच होते: लांबी २०० धरतात. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून लांबी ४०० मीटर.

तांब्याची रोधकता १.७२ × १०⁻⁸ ओहम-मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरचा रोध ४.६ ओहम, त्यात सुमारे ३० व्होल्ट जातात. अडीचच्या वायरचा २.७५ ओहम, १८ व्होल्ट. चारच्या वायरचा १.७ ओहम, ११ व्होल्ट. पॉवर फॅक्टरमुळे मोटारीच्या टोकाशी मोजलेली घट या आकड्यांहून थोडी कमी भरते, पण निवड करायला एवढं पुरे. अनुभवी मिस्त्री चारची घ्यायला सांगतो ते उगाच नाही. सुरू होताना करंट पाचपट होतो आणि दीडच्या वायरमध्ये त्या क्षणी सव्वाशे-दीडशे व्होल्ट वाटेतच संपतात.

अ‍ॅल्युमिनियम स्वस्त पडतं, पण त्याची रोधकता तांब्याच्या साधारण १.६ पट. तेवढी जाडी वाढवावी लागते. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम नुसतं पिळून जोडू नये, पावसाळ्यात तो सांधा कुजतो, रोध वाढतो आणि सांधाच तापतो.

न्यूट्रल तुटला आणि गल्लीतले टीव्ही, बल्ब उडाले. व्होल्टेज वाढलं कुठून?

किर्चॉफच्या नियमांचं यापेक्षा चांगलं उदाहरण पुस्तकात मिळणार नाही. दोन घरं वेगवेगळ्या फेजवर आहेत, न्यूट्रल सामाईक. न्यूट्रल जागेवर असेपर्यंत प्रत्येकाला २३० व्होल्ट. तो डीपीकडे तुटला की दोन्ही घरं एकसरीत येतात आणि त्यांच्या टोकांना दोन फेजांमधले ४१५ व्होल्ट लागतात.

पहिल्या घरात १०० वॅटचा भार: रोध २३०²/१०० = ५२९ ओहम. दुसऱ्या घरात १००० वॅटचा: ५२.९ ओहम. ४१५ व्होल्टची वाटणी रोधाच्या प्रमाणात होते, म्हणजे पहिल्या घराला ३७७ आणि दुसऱ्याला ३८. कमी भार असणाऱ्याचंच सामान जळतं. खऱ्या गल्लीत तीन फेज आणि बरीच घरं असतात, आकडे बदलतात, तत्त्व हेच. अशा वेळी दिवे कुठे लख्ख, कुठे अगदी मंद दिसले, तर मेन स्विच बंद करणं हेच पहिलं काम.

टेस्टर लागतो, पण बल्ब लागत नाही. असं कसं?

टेस्टरमध्ये निऑनसोबत सुमारे एक मेगाओहमचा रोध असतो. त्यातून पाव मिलीअँपिअरच्या आसपास करंट वाहिला तरी तो उजळतो. आता समजा, वाटेत एक गंजलेला जोड आहे आणि त्याचा रोध १० किलोओहम. टेस्टरच्या दृष्टीने तो एक टक्का, म्हणजे नगण्य. ५२९ ओहमच्या बल्बला मात्र २३० पैकी जेमतेम १२ व्होल्ट पोचतात. टेस्टर फक्त ‘इथे विभव आहे’ एवढंच सांगतो, ‘इथून करंट देता येईल’ असं सांगत नाही. बल्बच्या दोन्ही पिनांवर टेस्टर लागला, तर न्यूट्रल तुटलेला समजा: बल्बमधूनच फेज पलीकडच्या पिनेवर पोचलेला असतो.

माणूस व्होल्टेजने मरतो की करंटने? झटका मशीनवर हजारो व्होल्ट असतात, तरी माणूस वाचतो.

शरीरातून किती करंट, किती वेळ आणि कुठून कुठे गेला, यावर सगळं ठरतं. व्होल्टेज तो करंट ढकलतं, एवढाच त्याचा वाटा. एक मिलीअँपिअरला मुंग्या येतात. दहा-पंधराला स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. शंभरच्या आसपास काही क्षण गेले तरी हृदयाचे ठोके विस्कळीत होऊ शकतात. घामाने किंवा पाण्याने ओल्या शरीराचा रोध १००० ओहम धरला तर २३० व्होल्ट २३० मिलीअँपिअर पाठवतात, आणि लाईन जाईपर्यंत पाठवतच राहतात.

रानडुकरांसाठी धुऱ्यावर लावतात त्या झटका मशीनमध्ये धारित्र (कॅपॅसिटर) असतं. समजा धारिता १० मायक्रोफॅराड आणि ते ६०० व्होल्टपर्यंत चार्ज झालं. साठलेली ऊर्जा = ½ × १०⁻⁵ × ६००² = १.८ ज्यूल. ही ऊर्जा एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून काही हजार व्होल्टची होऊन तारेत सुटते, पण हजारांश सेकंदाहूनही कमी वेळासाठी. नंतर सुमारे सेकंदभर तार मोकळी. जनावर दचकतं आणि मागे फिरतं. करंटचा शिखर-आकडा मोठा असला, तरी हृदयाला बिघडवायला लागणारा वेळ त्याला मिळत नाही. मानकांनुसार एका झटक्याची ऊर्जा ५ ज्यूलच्या आत ठेवतात.

कुंपणाला थेट २३० व्होल्ट लावणं ही वेगळीच गोष्ट. तिथे ना धारित्र, ना मोकळा वेळ. डुकरासाठी लावलेल्या तारेत शेजारचा गडी, स्वतःचं ढोर, कधी वाघ सापडतो. तो गुन्हा आहे, आणि ‘मशीनही विजेचीच’ हा युक्तिवाद भौतिकशास्त्रातही टिकत नाही.

अर्थिंग आहे, तरी मोटारीच्या बॉडीला शॉक लागतो आणि एमसीबी पडत नाही.

अर्थिंगचा रोध २० ओहम असेल, तर फेज बॉडीला टेकल्यावर २३०/२० = ११.५ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा नेहमीचा भार वाटतो, तो पडणारच नाही. बॉडी मात्र जिवंत राहते. काळ्या मातीत ही अडचण उन्हाळ्यात वाढते: ओली असताना ही माती वीज चांगली वाहते, पण वाळली की भेगाळते आणि सळीपासून सुटते. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी टाकत राहणं हा उपाय ठीक, पण खरा इलाज आरसीसीबी. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमध्ये ३० मिलीअँपिअरचा फरक दिसला की तो लाईन तोडतो. अर्थिंगला त्याचा पर्याय समजू नका, दोन्ही लागतात.

झाडाखाली वीज पडली की माणसं कधी वाचतात, पण बैल मरतात. का?

पडलेली वीज जमिनीत पसरते. तिचा करंट साधारण ३० हजार अँपिअर धरतात. जमिनीच्या रोधकतेला करंटने गुणून (२ × ३.१४ × अंतर) ने भागलं की त्या जागेचं विभव मिळतं. रोधकता १०० ओहम-मीटर धरा. पडल्या जागेपासून २० मीटरवर उभ्या माणसाच्या एक मीटर अंतरावरच्या दोन पायांमध्ये सुमारे ११०० व्होल्ट येतात. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटर धरलं तर जवळपास १७०० व्होल्ट, आणि करंटची वाट थेट छातीतून. माणसाच्या बाबतीत तो एका पायाने चढून दुसऱ्याने उतरतो. पाच मीटरवर माणसासाठीही तोच आकडा १६ हजारांच्या घरात जातो, म्हणून झाडाखालचा माणूस सुरक्षित आहे असं अजिबात समजू नये.

पाय जोडून उकिडवं बसायला सांगतात ते दोन पायांतलं विभवांतर कमी करायला. आडवं झोपलं तर ते वाढतं. लखलखाट आणि गडगडाट यांच्यात तीन सेकंद म्हणजे वीज एक किलोमीटरवर. पऱ्हाटीच्या वावरात एकटं झाड असेल, तर त्यापासून लांब व्हा. बंद गाडी किंवा पक्कं घर सगळ्यात बरं. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं, पेरणीच्या दिवसांत फोनवर असावं.

डीपीवर ११ केव्ही आणि ४३३ व्होल्ट लिहिलेलं असतं. मग वेढ्यांचं गुणोत्तर २५ च ना?

नाही, ४४. गावच्या डीपीची वरची बाजू डेल्टा आणि खालची स्टार जोडणीची असते. डेल्टात एका वाईंडिंगला पूर्ण ११००० व्होल्ट मिळतात. स्टारमध्ये एका वाईंडिंगवर ४३३ ÷ १.७३२ = २५० व्होल्ट. गुणोत्तर ११०००/२५०. बारावीच्या गणितात ट्रान्सफॉर्मर एकाच फेजचा असतो, तिथे सरळ भागाकार चालतो.

डीपीची गुणगुण ५० नव्हे, १०० हर्ट्झची असते. गाभ्याचं लोखंड चुंबकीकरणाने किंचित आकार बदलतं, आणि चुंबकत्व उत्तर दिशेचं असो की दक्षिण, हा बदल तोच होतो. म्हणून एका चक्रात दोनदा.

ट्रान्सफॉर्मर डीसीवर चालत नाही. मग चंद्रपूरची वीज डीसी करून कशी नेतात?

चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातलं पडघे, ७५२ किलोमीटरची डीसी लाईन, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, क्षमता १५०० मेगावॅट. व्होल्टेज आधी एसी असतानाच ट्रान्सफॉर्मरने चढवतात, मग थायरिस्टर या अर्धवाहक स्विचने डीसी करतात. पलीकडे उलट क्रम. दोन तारांमध्ये १० लाख व्होल्ट, म्हणजे करंट फक्त १५०० अँपिअर. हीच शक्ती ११ केव्हीवर न्यायची म्हटली तर १ लाख ३६ हजार अँपिअर लागतील, आणि त्याच तारेत उष्णतेचं नुकसान आठ हजारपटींहून जास्त.

इथे एक सापळा आहे. ‘व्होल्टेज वाढवलं तर व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, म्हणजे नुकसान वाढायला हवं’ असं मुलं म्हणतात. त्या सूत्रातलं व्होल्टेज म्हणजे तारेच्या दोन टोकांमधली घट, लाईनीचं व्होल्टेज नव्हे.

मोटारीला कॅपॅसिटर लावला की ताकद वाढते का?

थ्री-फेज मोटारीची नाही. वरच्याच पाच एचपीच्या मोटारीला पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ वर न्यायला सुमारे २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर लागतो. त्याने डीपीपासून येणारा करंट ८.१ वरून ६.८ अँपिअरवर उतरतो, वाटेतली घट कमी होते, शेजाऱ्यांचंही व्होल्टेज सुधारतं. मोटारीच्या वाईंडिंगमधला करंट जवळपास तोच राहतो. सिंगल फेज मोटारीतला कॅपॅसिटर वेगळा, तो दुसऱ्या वाईंडिंगचा करंट पुढे सरकवून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. तो गेला की मोटार घुमते, फिरत नाही.

करंटने होकायंत्राची सुई वळते हे घरी कसं पाहायचं? आमची सुई हलतच नाही.

ओर्स्टेडने १८२० मध्ये हे दाखवलं तेव्हा त्याच्याकडे बॅटरी होती. एसीच्या वायरजवळ सुई हलणार नाही, क्षेत्राची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते आणि सुईला तेवढी चपळाई नाही. सौर पंपाच्या पॅनलची डीसी वायर मात्र योग्य आहे.

८ अँपिअर, ५ सेंटीमीटर अंतर: क्षेत्र = २ × १०⁻⁷ × ८ ÷ ०.०५ = ३२ मायक्रोटेस्ला. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक आपल्या भागात ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास. वायर उत्तर-दक्षिण असेल आणि सुई तिच्या खाली, तर सुई जवळपास ३९ अंश वळते. तरी हलली नाही, तर बहुधा अधिक आणि उणे अशा दोन्ही वायर जोडीने गेल्या आहेत. दोघींची क्षेत्रं एकमेकांना खोडतात. एकच वायर बाजूला असेल ती जागा शोधा. क्लॅम्प मीटरमध्ये दोन्ही वायर एकत्र धरल्या की शून्य दिसतं, ते याच कारणाने.

वायरीला बाहेरून, इन्सुलेशनवरूनच पाहायचं. उन्हात पॅनलचे कनेक्टर उघडू नका. एसीचा करंट शून्यातून जात असल्याने तिथली ठिणगी विझायला वाव असतो, डीसीची तशीच ताणली जाते आणि हात भाजते.

खिळ्याच्या विद्युतचुंबकाला जास्त वेढे दिले, तरी तो दुप्पट ओढत नाही.

रिवायंडिंगच्या दुकानात २८ गेजची तार मिळते. ६ मिलिमीटर जाड खिळ्यावर एका वेढ्याला सुमारे २ सेंटीमीटर तार, म्हणजे ०.००३१ ओहम. दीड व्होल्टचा सेल, त्याचा अंतर्गत रोध अर्धा ओहम धरा. वेढे गुणिले करंट किती येतो ते पाहा: १०० वेढ्यांना १८५, ३०० ला ३१५, १००० ला ४१५. पुढे कितीही गुंडाळा, ४८५ च्या वर जाणार नाही, कारण वेढ्यांबरोबर रोधही वाढतो. वरच्या थरांना तार जास्त लागते, तेव्हा प्रत्यक्षात आकडे याहून कमीच. ३०० वेढे हा चांगला मध्य.

काहीच ओढत नसेल, तर टोकांचं इनॅमल खरवडलेलं नाही. ती तार तांब्यासारखीच दिसते, म्हणून फसगत होते. पॉलिश पेपरने टोकं लालसर चमकेपर्यंत घासा. सेल पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त जोडून ठेवू नका, गरम होतो.

डाव्या-उजव्या हाताच्या नियमांत नेहमी घोळ होतो.

डावा मोटारीचा, उजवा जनित्राचा. परीक्षेत पेन उजव्या हातात असतो, मोकळा असतो तो डावा, आणि मग जनित्राच्या प्रश्नालाही तोच हात वापरला जातो. पेन खाली ठेवा.

मे महिन्यात ऊन सगळ्यात कडक, तरी सौर पंप हिवाळ्यापेक्षा कमी का ओढतो?

पॅनलला प्रकाश हवा, उष्णता नको. पॅनलवर लिहिलेली शक्ती पेशीचं तापमान २५ अंश आणि प्रकाश चौरस मीटरला १००० वॅट असताना मोजलेली असते. नागपूर-चंद्रपूरकडे हवा ४५ अंशांवर गेली की पेशी ७० च्या घरात जाते. दर अंशाला ०.४ टक्के घट धरली, तर ४५ अंशांच्या फरकाला १८ टक्के. ३००० वॅटचे पॅनल २४६० वॅटवर येतात. त्यात उन्हाळ्यात विहिरीची पातळीही खोल गेलेली.

सिलिकॉनचा पट्टा-अंतराल १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ११०७ नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगलांबीचा फोटॉन त्यात इलेक्ट्रॉन उचलू शकत नाही. लहान तरंगलांबीचा उचलतो, पण जास्तीची ऊर्जा उष्णतेत जाते. तापमान वाढलं की उष्णतेनेच तयार होणारे वाहक झपाट्याने वाढतात आणि प्रत्येक पेशीचं व्होल्टेज अंशामागे सुमारे २ मिलीव्होल्ट पडतं.

पक्ष्याची विष्ठा एका पेशीवर पडली तरी एकसरीतल्या सगळ्या पेशींचा करंट अडतो आणि झाकलेली पेशी तापते. पॅनल सकाळी धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर विहिरीचं गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते.

सौर पॅनल आणि प्रकाशविद्युत परिणाम एकच का?

दोन्हीत फोटॉन इलेक्ट्रॉनला ऊर्जा देतो. प्रकाशविद्युत परिणामात इलेक्ट्रॉन धातूबाहेर पडतो, पॅनलमध्ये तो अर्धवाहकातच राहतो आणि जोडावरचं विद्युतक्षेत्र त्याला एका बाजूला ढकलतं. हर्ट्झला हा परिणाम १८८७ मध्ये दिसला, आइन्स्टाइनने १९०५ मध्ये उकलला आणि १९२१ चं नोबेल त्यासाठी मिळालं, सापेक्षतावादासाठी नव्हे.

गणितासाठी १२४० लक्षात ठेवा: १२४० भागिले नॅनोमीटरमधली तरंगलांबी म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्टमधली ऊर्जा. ४०० नॅनोमीटरचा प्रकाश, ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सीझियमचं कार्यफल (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) २.१४, म्हणून निरोधी विभव, म्हणजे निघालेले इलेक्ट्रॉन थोपवणारं व्होल्टेज, ०.९६ व्होल्ट. जस्ताला ४.३ लागतात, तिथे हा प्रकाश कितीही तीव्र केला तरी एक इलेक्ट्रॉन निघणार नाही. तीव्रतेने फोटॉनांची संख्या वाढते, एकेकाची ऊर्जा नाही.

मग मोबाईल टॉवरच्या लहरींनी संत्र्याची फळगळ होते, हे खरं का?

वरचाच हिशोब लावा. १८०० मेगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा ७.४ × १०⁻⁶ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. रेणूतला बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, लाखो पटींचा फरक. अशा लहरी फार तर थोडी उष्णता देतात, आणि टॉवरपासून बागेपर्यंत येईस्तोवर ती उन्हापुढे नगण्य असते. फळगळीचं कारण पाणी, अन्नद्रव्यं, बुरशी आणि किडीत शोधा.

एलईडीने प्लांकचा स्थिरांक काढताना उत्तर भलतंच येतं.

पांढरा एलईडी घेतला असेल. तो आतून निळा असतो, वर पिवळसर फॉस्फर. लाल, पिवळा, हिरवा, निळा असे साध्या रंगाचे घ्या. ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रोध एकसरीत, सोबत व्होल्टेज बदलायला पोटेन्शिओमीटर. खोली अंधारी करून एलईडी जेमतेम उजळतो ते व्होल्टेज टिपा. ६४० नॅनोमीटरच्या लाल एलईडीला १.९ व्होल्ट मिळाले, तर स्थिरांक ६.५ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद येतो, खरा ६.६३. डोळ्याने ठरवलेला उजळण्याचा क्षण प्रत्येकाचा वेगळा, म्हणून एकाच मुलाने सगळी वाचनं घ्यावीत आणि आलेखाच्या उतारावरून उत्तर काढावं.

अर्धायुकाल पाच वर्षं, म्हणजे दहा वर्षांत सगळं संपलं?

दहा वर्षांत पाव उरतं. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षं. ८ वर्षांनी किती उरेल? बरीच मुलं ५० आणि २५ टक्क्यांच्या मध्ये सरळ रेष मारून ३७ काढतात. बरोबर उत्तर २ चा घात (८ ÷ ५.२७) काढून त्याने भागायचं: ३५ टक्के. एकेका केंद्रकाला वय नसतं. कालचं असो की शंभर वर्षांपूर्वीचं, पुढच्या एका वर्षात फुटण्याची त्याची शक्यता तीच.

एक ग्रॅम युरेनियम आणि आपल्याकडचा कोळसा, तुलना कशी करायची?

युरेनियम-२३५ च्या एका विखंडनातून सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ३.२ × १०⁻¹¹ ज्यूल. एका ग्रॅममध्ये २.५६ × १०²¹ केंद्रकं. गुणाकार ८.२ × १०¹⁰ ज्यूल. कोळशाचं उष्मांक मूल्य किलोला ४००० किलोकॅलरी धरलं तर १.६७ × १०⁷ ज्यूल. भागाकार जवळपास ४९०० किलो. एका ग्रॅमची बरोबरी पाच टन कोळशाशी. दोन्हीकडे ही उष्णता आहे, तिची वीज होताना साधारण एक तृतीयांशच हाती लागते.

इथे मुलं म्हणतात की युरेनियममध्ये वस्तुमानाची ऊर्जा होते, कोळशात होत नाही. होते. ऊर्जेला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागलं की दोन्हीकडे वस्तुमानाची घट ०.९१ मिलिग्रॅमच येते. ती युरेनियममध्ये एका ग्रॅममागे आहे, कोळशात पाच टन आणि तो जाळायला लागलेल्या ऑक्सिजनमागे. कोळशातली ती घट तराजूवर पकडणं अशक्य, एवढाच फरक.